थेंबभर तेल, मिनिटाला बारा हजार फेरे

मामांनी ट्रंक उघडली आणि जुन्या लुंगीत गुंडाळलेलं गाठोडं माझ्या हातात ठेवलं. मोठ्या पेरूएवढं, वजनालाही साधारण तेवढंच. लुंगी सोडली तर आत लाल रंगाचं मासेमारीचं रीळ. लाल म्हणजे नुकत्या फोडलेल्या कोकमासारखं. फिरकीवर तंगूस अजून गुंडाळलेला होता, पण पिवळा पडून काडीसारखा ताठ झालेला. मी हँडल फिरवलं. काकवीत चमचा फिरवावा तसं ते अर्धा फेरा हललं आणि थांबलं.

“दर गणपतीला तेल घालायचो मी त्याला,” मामा म्हणाले.

“कुठलं?”

“कुठलं म्हणजे? आपलं खोबरेल.”

मामा बोटीवर नोकरीला होते तेव्हा कुठल्याशा बंदरात त्यांनी हे घेतलेलं. निवृत्तीनंतर खाडीवर गरवायला जायचं, हा बेत. बेत राहिला, रीळ ट्रंकेत गेलं. पालथं करून पाहिलं तर काठीवर बसणाऱ्या पट्टीखाली सहा आकडे कोरलेले, त्यातले पहिले दोन ७ आणि ६. त्या काळी या रिळाचा कारखाना तुकडीचं वर्ष आणि महिना असा या पट्टीखाली उमटवत असे. म्हणजे रीळ १९७६ चं. बाजूच्या झाकणावर नाव होतं ‘अँबॅसडर ५०००’. मला आपली पांढरी गाडी आठवली. पण हे घराणं गाडीहून जुनं. पहिलं अँबॅसडर ५००० बाजारात आलं १९५२ मध्ये, स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा या गावातून.

या गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय रीळ उघडण्यात मजा नाही. दक्षिण स्वीडनच्या ब्लेकिंगे प्रांतात, मोरुम नावाच्या नदीकाठी हे गाव आहे. नदी साल्मन माशांसाठी नावाजलेली. पण गावाचा धंदा मासेमारीचा नव्हता, घड्याळांचा होता. १८८७ साली हेनिंग हामारलुंड याने इथे हाल्डा नावाचा खिशातल्या घड्याळांचा कारखाना काढला. पुढे तिथे टाइपरायटर झाले, टॅक्सीचे मीटर झाले. त्याच मुशीतून निघालेल्या कार्ल आउगुस्ट बोर्गस्ट्रोम याने १९२१ मध्ये आपला वेगळा कारखाना थाटला. त्याचं नाव ‘आबे उरफाब्रिकेन’, म्हणजे सरळसरळ ‘घड्याळ कारखाना कंपनी’. आद्याक्षरं जुळवून झालं आबू. दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल आटलं, आबूच्या टॅक्सी-मीटरांना कोण विचारतो? तेव्हा मुलाने, ग्योटे बोर्गस्ट्रोमने, तीच यंत्रं आणि तेच कारागीर मासेमारीच्या रिळांकडे वळवले.

हा योगायोग म्हणावा तर तो एकदाच घडायला हवा. अमेरिकेत हँडलच्या एका फेऱ्यात फिरकी अनेक वेळा फिरवणारं पहिलं नावाजलेलं रीळ केंटकीत बनलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बनवणारा जॉर्ज स्नायडर, व्यवसायाने घड्याळजी आणि चांदीकाम करणारा. त्याच्यामागून आलेले मीक बंधूही घड्याळजी. फ्रान्समधलं गाजलेलं मिचेल रीळ निघालं आल्प्समधल्या क्लूज गावातून, जिथे १८४८ पासून घड्याळांची शाळा होती. तीन देश, आणि तिन्हीकडे रीळ जन्माला आलं ते कोळ्याच्या अंगणात नव्हे, घड्याळजीच्या टेबलावर. का, ते रीळ उघडल्यावर कळलं.

ओटीवर वर्तमानपत्र पसरलं. सुटे भाग ठेवायला इडलीपात्राच्या ताटल्या घेतल्या (घरात न विचारता; त्याचं पुढे व्हायचं ते झालं). प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने एकेका वाटीत, जोडताना उलट्या क्रमाने. हँडलच्या बाजूच्या झाकणाला तीन स्क्रू. डोकी रुंद आणि कडेला खाचा पाडलेल्या, पेचकस न घेता बोटांनीच सुटतील अशा. नदीकाठी, थंडीने बोटं गारठलेली असताना उघडता यावं म्हणून केलेली ही सोय. झाकण निघालं, फिरकी हातात आली, आणि आतून वास आला: खवट खोबऱ्याचा.

आत सगळं हिरवं होतं. पितळी दातेरी चाकाच्या दातादातांत मोरपिशी हिरवा चिकटा. आपल्याकडे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तेच हे. तेल जुनं झालं, त्यात ओल शिरली, की त्यातली स्निग्धाम्लं सुटी होतात. ती पितळेतल्या तांब्याला धरतात आणि तयार होतो तांब्याचा साबण. हो, साबणच, फक्त हिरवा. शिवाय तांब्याच्या सहवासात तेलाचं प्राणवायूशी संयोग पावणंही वेगाने होतं. समईच्या बुडाशी आठवडाभर राहिलेलं तेल बोटाला कसं दोरीसारखं ताणलं जातं, आठवून बघा. तेलाचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात आणि मग ते तेल राहत नाही, डिंक होतो. तशात खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पौषातल्या पहाटे मामांचं रीळ जागचं हललं नसतं यात नवल नाही.

मामांचा बचाव पुढे करणार आहे. आधी हे सांगतो की एवढ्याशा यंत्राला तेलाचा इतका कळवळा का.

गरी पन्नास मीटरवर टाकायची आहे असं धरू. त्यासाठी शिसं काठीच्या टोकावरून सुटताना साधारण सेकंदाला पंचवीस मीटर, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर वेगाने सुटायला हवं. तंगूस त्याच्यामागे धावतो आणि फिरकीला ओढून फिरवतो. भरलेल्या फिरकीचा व्यास चार सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्याला साडेबारा सेंटीमीटर तंगूस सुटतो. भागाकार करा: सेकंदाला दोनशे फेरे. मिनिटाच्या हिशेबात बारा हजार. डोक्यावरचा पंखा पाचवर ठेवला तरी मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. आणि पंख्याला वेग घ्यायला अर्धं मिनिट लागतं. ही फिरकी उभी होती ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बारा हजारांवर, आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा शून्यावर. तेही वीज नाही, मोटार नाही, फक्त मनगटाच्या एका झटक्यावर.

आता खरी अडचण. हवेत शिसं मंदावतं, पण फिरकीला ते कोण सांगणार? ती आपली सुटलेल्या वेगाने तंगूस सोडत राहते. पतंगाला ढील देताना वारा पडला आणि फिरकी धरणाऱ्याचं लक्ष नसलं की मांजाचा कसा गुंता होतो, तसा इथे पाव सेकंदात होतो. म्हणून फिरकीला लगाम हवा, आणि तोही असा की वेग जास्त तेव्हा जास्त आवळावा, वेग कमी तेव्हा आपणहून सोडावा.

स्वेंग्स्टाच्या लोकांनी काय केलं होतं ते मला चिमट्याने उचलावं लागलं. फिरकीच्या दांड्यावर एक आडवी बारीक काडी आणि तिच्या दोन टोकांना गव्हाच्या दाण्याएवढे दोन प्लास्टिकचे तुकडे, मोकळे सरकणारे. बस्स. फिरकी वेगात फिरली की हे दाणे बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, वेग मंदावला की दाणे सैलावतात. मी पाटीवर हिशेब मांडला: बारा हजार फेऱ्यांना दाण्यावरचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हजार पटीहून जास्त भरतो. गव्हाचा दाणा मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाने कड्यावर टेकतो. कोणी बटण दाबत नाही, कोणी पाहत नाही. घड्याळात पळू पाहणाऱ्या स्प्रिंगला टिकटिकीने आवरणारी जी अक्कल, तिचीच ही धाकटी बहीण.

मामांनी या दाण्यांनाही तेल पाजलेलं होतं. दोन्ही काडीला चिकटून बसलेले. लगामाला तेल लावायचं नसतं. ही एक जागा कोरडी ठेवायची.

पुढचं आश्चर्य फिरकीसमोर आडवं बसलेलं. पेन्सिलीहून बारीक दांडा आणि त्यावर एकमेकींना छेदत गेलेल्या दोन नागमोडी खाचा, एक डावीकडे जाणारी, एक उजवीकडे. टोकाला दोन्ही एकमेकींत वळून मिसळतात. या खाचेत नखाच्या चंद्रकोरीएवढा धातूचा तुकडा बसतो. तंगूस ज्या कडीतून आत येतो ती कडी त्याच तुकड्यावर स्वार असते. हँडल फिरवलं की दांडा एकाच दिशेने फिरतो, पण चंद्रकोर एका खाचेतून टोकापर्यंत जाते, वळते, दुसऱ्या खाचेतून परत येते, आणि चौका-चौकात दोन खाचा छेदतात तिथे वाट चुकत नाही. वाट न चुकण्याचं कारण एवढंच की ती लांबट आहे. चौकातून आडवं वळण्याइतकी जागाच तिला मिळत नाही. बैल जसा घाण्याला फिरतो तशी आंधळी, पण अचूक. तिच्यामुळे तंगूस फिरकीवर शिवणाच्या रिळासारखा एकसारखा पसरतो. असं आपोआप समान गुंडाळणारं रीळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी लोकप्रिय केलं त्यांत मिशिगनमधल्या कालामाझू गावचा एक गृहस्थ होता, नाव विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर. खरंच.

चंद्रकोरीच्या टोकाला किटण होतं आणि त्या किटणात वाळूचे दोन कण. रिळं मरतात ती बहुतेक इथे. खाच उघडी असते, खाडीचं वारं वाळू आणि मीठ घेऊन येतं, आणि चिकट तेल ते दोन्ही धरून ठेवतं. वाळू आणि तेल मिळून कानशीच तयार होते.

धुण्याबद्दल थोडक्यात. पितळी आणि पोलादी भाग रॉकेलमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी जुन्या दातघासणीने घासले तर हिरवा साबण पापुद्र्यांनी सुटला. खाचांत टूथपिक. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, कारण रॉकेलही मागे चिकट पदर ठेवतं. मग सुकं कापड आणि ऊन. माशाने ओढ घेतली की तंगूस हळूहळू सोडणाऱ्या चकत्या मात्र रॉकेलपासून लांब ठेवल्या. त्यांचं कामच घर्षणाचं. काकू चिंच घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवलं. चिंचेने पितळ लखलखतं, पण दातेरी चाकाला लखलखाट नको, दात हवेत.

लाल झाकणांना तर आंबट आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. तो लाल रंग म्हणजे पेंट नव्हे. ॲल्युमिनिअमला आम्लात बुडवून वीज सोडली की त्याच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडची कडक साल चढते. त्या सालीत लक्षावधी सूक्ष्म भोकं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्याने तोंडं मिटवायची. ॲल्युमिनिअम ऑक्साइड म्हणजे कोण? माणकाचं द्रव्य तेच. फरक इतकाच की माणिक स्फटिक आहे आणि त्याचा लाल क्रोमिअमचा, हा थर स्फटिक नाही आणि याचा लाल रंगाऱ्याचा. तरी मामांच्या ट्रंकेत तीन-चार दशकं माणकाची दूरची नातलग लुंगीत झोपली होती म्हणायला हरकत नाही. क्षार आणि आम्लं ही साल खातात. नुसतं ओलं फडकं पुरे.

आता तेल. ते मागायला मी बाजारातल्या घड्याळजींकडे गेलो, कारण एव्हाना मला रिळाची जात कळली होती. त्यांनी फिरकी डोळ्याला भिंग लावून पाहिली, कुतूहलाने. मग सुईच्या टोकावर मोहरीहून लहान थेंब घेऊन दाखवला. “तेल ओतायचं नसतं, टेकवायचं असतं,” ते म्हणाले. “जास्त झालं की ते आपल्या जागेवर थांबत नाही. पसरतं, निघून जातं, आणि जाताना होतं तेही घेऊन जातं.” एकेकाळी घड्याळांचं उत्तम तेल डॉल्फिनच्या जातभाईंच्या, पोरपॉइजच्या, जबड्यातून काढत. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात विल्यम नाय याचा तोच व्यवसाय होता. कडाक्याच्या थंडीतही थिजत नाही म्हणून त्याला मान. समुद्रातल्या जिवाचं तेल घड्याळात, आणि घड्याळजीचं यंत्र समुद्रावर. देवाणघेवाण जुनीच आहे म्हणायची.

पण मोहरीहून लहान थेंब सेकंदाला दोनशे फेऱ्यांना कसा पुरतो? याचं उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये अपघाताने सापडलं. बोशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळू लागलं. त्याने बूच ठोकलं, उडालं. लाकडी खुंटी मारली. तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी दाब मोजायचा काटा बसवला, तो चौरस इंचाला दोनशे पाउंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पाउंड हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनल्ड्स याने गणित मांडलं. फिरणारा दांडा ज्या कड्यात फिरतो त्या बुशाच्या अगदी मधोमध नसतो, किंचित एका अंगाला असतो. त्यामुळे भोवतीची फट एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद होते. दांडा तेलाला ओढत त्या अरुंद जागेत कोंबतो, तिथे दाब वाढतो आणि तो दाबच दांड्याला उचलून धरतो. पावसात भरधाव टायर पाण्यावर तरंगून घसरतो, तोच न्याय. म्हणजे माझ्या हातातली फिरकी बारा हजार फेऱ्यांना धातूवर टेकलेलीच नसते. ती केसाहून कितीतरी पट पातळ तेलाच्या पदरावर तरंगत असते, आणि तो पदर तिचा तिनेच फिरून उभा केलेला असतो. थांबली की खाली बसते. झीज होते ती मुख्यतः सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणांत.

आणि इथे मामांचा बचाव. दांडा थांबलेला किंवा नुकता निघालेला असतो, पदर अजून धरलेला नसतो, तेव्हा धातूला चिकटून बसणारे रेणू उपयोगी पडतात. वनस्पती तेलांच्या स्निग्धाम्लांना धातू धरणारं एक टोक असतं. नुसत्या खनिज तेलाला ते तसं नसतं. पहिल्या दिवशी खोबरेल हे यंत्राच्या तेलाहून वाईट नव्हतं, कदाचित सरसच होतं. मामांचं चुकलं ते पुढच्या तीस वर्षांत.

दातेरी चाकांना मात्र तेल पुरत नाही. बुशात तेल धरायला खोबण असते, दातांवरून ते भिरकावलं जातं. तिथे ग्रीज. ग्रीज म्हणजे काय, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं: तेलात मुरवलेला साबण. साबणाच्या तंतूंची जाळी स्पंजासारखी तेल धरून बसते आणि दात दाबले की थोडं थोडं सोडते. लिथिअमच्या साबणाचं ग्रीज क्लॅरेन्स अर्ल याने १९४२ मध्ये पेटंट केलं, आज कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळतं ते बहुतेक त्याच वंशाचं. वर्षानुवर्षांनी तेल निथळून, उडून जातं आणि मागे नुसता साबण मेणासारखा उरतो. जुन्या यंत्रातला पिवळा चिकटा तो हाच.

जोडणीच्या वेळी हँडल उलटं फिरू न देणाऱ्या खिटीची स्प्रिंग चिमट्यातून उडाली. पाऊण तास ओटीवर तिघे जण ओणवे. ती सापडली मामांच्या चष्म्याच्या घरात, कशी गेली ते विचारू नका.

पहिल्या चाचणीत फिरकीला बोटाने टिचकी मारली: चार सेकंदांत थांबली. अतिउत्साहाने बुशातही ग्रीज भरलं होतं मी. पुन्हा उघडलं, पुसलं, सुईने एकेक थेंब टेकवला. दातांवर ग्रीजचा पातळ हात, चंद्रकोरीला तेलाचा एक थेंब, गव्हाचे दाणे कोरडे. टिचकी. सोळा सेकंद. आवाज जवळजवळ नाहीच, फक्त कान लावला तर लांबून आल्यासारखी सळसळ. मामांनी ती तीनदा लावून घेतली आणि तिन्ही वेळा घड्याळ धरलं.

संध्याकाळी भरतीला खाडीवर गेलो. नवा तंगूस, गरीला कोळंबी, तांबोशीची आशा. मी काठी मागे नेली, अंगठा फिरकीवर, आणि सोडली. शिसं सुंदर निघालं. रीळ गायलं. मग पाण्याला शिसं टेकलं तरी फिरकी थांबली नाही, आणि माझ्या हातात क्षणात सुगरणीचं घरटं तयार झालं.

मामांनी रीळ काढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, सदऱ्याची सेफ्टी पिन काढली आणि धक्क्यावर बसून एकेक वेटोळं सोडवू लागले.

“तेल बरोबर पडलंय,” ते मान वर न करता म्हणाले. “अंगठा कुठे होता तुझा?”